मास्तर, मी आणि ऑक्टोबरचा पेपर

परवा रविवारी आमच्या घरात पुन्हा तेच भांडण झालं. एका बाजूला माझा जावई, दुसऱ्या बाजूला माझी नात मेत्ता, मध्ये टीव्ही, आणि वाद कशावरून, तर सगळ्यांत मोठा क्वार्टरबॅक कोण. जावई बिचारा शांतपणे सांगत होता की अमक्याने पंधरा वर्षं किती देखणा खेळ केला, आणि ही सोळा वर्षांची पोरगी सोफ्यावर मांडी घालून म्हणते, "सो व्हॉट, डॅड? प्लेऑफ्समध्ये काय केलं ते सांगा ना. रेग्युलर सीझन डझन्ट काउंट." मी हातातली वाटी ओट्यावर ठेवली ती आपटूनच. चिरलेली कोथिंबीर उडाली. "काय झालं आजी?" "काही नाही. तुझ्या पणजोबांचा आवाज आला." तिला वाटलं मी गंमत करते. गंमत कसली डोंबलाची! हे वाक्य मी हिच्या वयाची असताना याच घरात, याच खिडकीपाशी बसून ऐकलं आहे आणि दर वेळी माझं डोकं असंच फिरलं आहे. म्हणणारा माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, वाक्य मात्र घर सोडायला तयार नाही. म्हटलं, लिहूनच काढावं एकदा. माझं शाळेतलं मराठी आठवीपर्यंतचं. पुढचं मी नागपूरच्या मावशीला पत्रं लिहून लिहून शिकले, आणि मावशी चुका काढून पत्र परत पाठवायची. ती आता नाही, तेव्हा चुकांचं तुम्हीच बघा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. इथलं फुटबॉल म्हणजे बॉल हातात धरून पळायचं ते. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे तो एक जण, ज्याच्या हातात दर खेपेला पहिल्यांदा बॉल येतो. समोरून म्हशींसारखी माणसं अंगावर धावत येतात आणि त्याने तीन-चार सेकंदांत ठरवायचं की बॉल कुणाकडे फेकायचा. फेकलेला बॉल आपल्या माणसाने झेलला तर उत्तम. कुणीच झेलला नाही, जमिनीवर पडला, तर त्याला म्हणतात इनकम्प्लीट, आणि बॉल परत पहिल्या जागी आणून ठेवतात. चार संधी असतात. वर्षभर असे सामने होतात, त्यांतले चांगले संघ पुढे प्लेऑफला जातात, आणि तिथे एकदा हरलात की गाशा गुंडाळायचा. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं. माझ्या आईला एवढंही कुणी समजावलं नव्हतं, आणि तरी शेवटी तिलाच सगळ्यांत आधी समजलं, ते पुढे येईलच.

माझे बाबा इथे अमेरिकेत, डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉयजवळ एका मोटारीच्या कंपनीत ड्रॉइंगच्या खात्यात होते. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या कागदावर काढायच्या, हे त्यांचं काम. बॉनेट नाही, इंजिन नाही, बिजागऱ्या. पण अभिमान असा की जणू गाडी बिजागरीवरच चालते. रस्त्यात कुणाच्याही गाडीचं दार उघडून, बंद करून, कान लावून ऐकायचे. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. त्यांचं तत्त्वज्ञान सगळं त्या बिजागरीतून आलं होतं. म्हणायचे, "बेबे, दार रोज हजारदा उघडते, त्याचं काय कवतिक? गाडी ठोकली, आत माणूस अडकला, तेव्हा उघडलं पाहिजे. वेळेला उघडलं तर ते दार, नाही तर पत्रा." आणि हे दार त्यांनी उचलून क्वार्टरबॅकला लावलं. वर्षभराचे सामने म्हणजे चाचणी. प्लेऑफ म्हणजे बोर्डाचा पेपर. चाचणीत कितीही मार्क पाडा, बोर्डात काय केलं ते बोला.

आमच्या डेट्रॉइटची टीम त्या दिवसांत बोर्डापर्यंत पोचायचीच नाही, म्हणून बाबांनी दुसऱ्या गावांची पोरं दत्तक घेतली होती. खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. एक होता लंबू, एक झिपऱ्या, एकाला नुसतंच भाऊसाहेब. आणि बाबांचा सगळ्यांत लाडका होता मास्तर. हा मुलाखतीला चष्मा लावून बसायचा, हळू बोलायचा, म्हणून मास्तर. तळघरात एक भिंतीतलं कपाट होतं, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवून तक्ता केला होता. पट्टी लावून ओळी मारलेल्या, ठाशीव अक्षर, आणि प्रत्येक प्लेऑफनंतर प्रत्येकाचा निकाल. पास. नापास. काठावर पास. शेवटच्या क्षणी दुसऱ्या कुणीतरी बॉलला लाथ मारून तीन गुण मिळवून दिले आणि जिंकले, तर "ग्रेसने पास". माणूस तीन-तीन तास हाडं मोडून घेतोय आणि आमचे बाबा त्याला ग्रेस मार्क देताहेत!

आईचा गोंधळ वेगळाच. फेकण्याला इंग्रजीत पास म्हणतात, हे तिला पटायचं नाही. टीव्हीवरचा माणूस ओरडायचा, "पास!" आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची. "झाला का पास? मग तुमचा चेहरा काहून असा?" "अवं, फेकला म्हणते तो. फेकला." "फेकला तर फेकला म्हणा ना. पास कशाला म्हणता लोकाच्या पोराले?" त्यातून आमचा कुकर. तो बाबांवर दावा धरून असल्यासारखा नेमक्या क्षणी शिट्टी द्यायचा. बाहेर बर्फ, आत घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीची घरघर, टीव्हीवर हजारो लोकांचा ओरडा, वर कुकर आणि बाबांचं "गप कर त्याले!" आणि वास तर्रीचा. तर्रीपोहे हे रविवारचं ठरलेलं. पोहे नदीपलीकडून, विंडसरच्या एका दुकानातून आणायचे, चणे डब्यातले, आणि तर्री अशी झणझणीत की शेजारची गोरी बाई एकदा विचारायला आली होती, काही जळतंय का.

त्या वेळी आमच्या भागात मराठी बोलणारी घरं अडीच. एक आमचं, एक जोशीकाकांचं, आणि अर्धं म्हणजे एक मुलगा होता तो हिंदीत बोलायचा पण मराठी समजायचा. जोशीकाका पुण्याचे, बाबांच्याच कंपनीत, पत्र्याच्या खात्यात. नागपुरात किंवा पुण्यात असते तर हे दोघं एकमेकांच्या दारात चहाला गेले असते की नाही देव जाणे. इथे मात्र दर रविवारी काका-काकू हजर. काका दारातूनच "जयभीम, साहेब!" म्हणायचे आणि बाबा उलट "नमस्कार, पंत!" म्हणायचे, आणि दोघांना त्यात काय गंमत वाटायची ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काका वादाला पक्के. "अहो साहेब, तुमची बिजागरी उत्तम, मान्य. पण पत्राच वाकला तर दार उघडेल का? पुढची पाच माणसं आडवी झाली, झेलणारा झोपला, आणि नापास तुम्ही करणार आमच्या फेकणाऱ्याला?" "पंत, कारणं नापास पोट्टे सांगतात." "अहो, पण न्याय नको का काही?" "वेळेला न्याय नसते. वेळेला वेळ असते." झालं. पुढे तासभर हेच. मी पायऱ्यांवर बसून बीजगणित सोडवायचे आणि दात खायचे.

दात खायचे, कारण त्यातला प्रत्येक टोला मला लागत होता. मी चाचणीची राणी. हे नाव बाबांनीच दिलेलं, तेही चारचौघांत, काकूंसमोर, हसत हसत. नागपुरात काय, इथे काय, वर्षभर वर्गात माझा हात वर. वह्या बघाव्यात तर दृष्ट लागावी अशा. आणि मोठी परीक्षा आली, समोर कागद ठेवला, की डोक्यात ती तळघरातली भट्टी सुरू व्हायची. घर्रर्र. दुसरं काही ऐकूच यायचं नाही. "आमची बेबी चाचणीत फर्स्ट क्लास," बाबा सांगायचे, "वार्षिकला काय होते तिले, ते डॉक्टरलेच विचारावं लागेल." सगळे हसायचे. मीही हसायचे. त्या वयात माणूस हसतं, दुसरं काय करणार?

त्या हिवाळ्यात केमिस्ट्रीच्या सत्रपरीक्षेला तेच झालं, पण पूर्ण झालं. पहिला प्रश्न वाचला. परत वाचला. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. भट्टी सुरू. हाताला घाम असा की पेन्सिल निसटून खाली पडली, ती उचलायला वाकले आणि उठून सरळ वर्गाबाहेर गेले. बाथरूममध्ये जाऊन उलटी केली आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिले. केमिस्ट्रीच्या बाई उंच, हाडकुळ्या, कमी बोलायच्या. शेवटी मला शोधत आल्या. ओला कागद हातात दिला आणि काहीतरी म्हणाल्या, दोन आठवड्यांत परत ये, असं काहीतरी. मी ऐकलं आणि ऐकलं नाही. माझ्या मनात एकच. पेपर सोडून उठलेल्या पोरीला आमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. त्याला दुसरा शब्दच नव्हता.

प्रगतिपत्रक शनिवारी टपालाने आलं. दुसऱ्या दिवशी त्या वर्षीचा शेवटचा, सगळ्यांत मोठा सामना, आणि त्यात मास्तर. मास्तरने वर्षभर एकही सामना घालवला नव्हता. बाबा आठवडाभर घरात असे फिरत होते जणू तेच खेळायला जाणार आहेत. मी पाकीट उघडलं. इंग्रजी ए, गणित ए, इतिहास बी, आणि केमिस्ट्रीपुढे नुसती एक उभी रेघ. वर एक आडवी, खाली एक आडवी. इंग्रजीतला आय. पाठीमागे बारीक अक्षरात अर्थ छापला होता, इनकम्प्लीट. घरात कागद लपवायला जागा कुठली? मी तो घडी करून मोठ्या डब्यात पोह्यांच्या पिशवीखाली सरकवला. आता सांगा, रविवारी तर्रीपोहे होतात त्या घरात कुणी पोह्यांच्या डब्यात काही लपवतं का? सोळाव्या वर्षी मला अक्कल होती म्हणून जे सांगतात त्यांना मी हेच सांगते.

रविवारी पहिला अर्धा भाग संपला तेव्हा मास्तरची टीम पुढे होती. बाबा खुशीत. आई पोहे काढायला आत गेली आणि दोन मिनिटांत तो कागद घेऊन बाहेर आली, झटकत. "हे काय वो? पोह्यात सापडलं." मी उठायच्या आत तो बाबांच्या हातात होता. बाबांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि उभं राहून वाचायला लागले, निकाल वाचतात तसा. "इंग्लिश, ए! मॅथ, ए! हिस्टरी, बी. बी कसा गे? बरं असो. केमिस्ट्री..." आणि थांबले. कागद जवळ नेला, लांब नेला. "केमिस्ट्री, एक!"

"एक काय?" काकू म्हणाल्या.

"एक म्हणजे एक! रोमन आकडा आहे, बघा ना पंत. ए-बीच्या वरचं असते ते. प्रथम श्रेणी! वर्गात पहिली! अन् पोट्टीनं लपवून ठेवलं, म्हणे पोह्यात! सरप्राइज द्यायचं होतं का गे?"

आता यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे निकालात पहिल्या वर्गाला रोमन एकच लिहायचे, आणि बाबांनी आयुष्यभर त्या एकाची वाट पाहिली होती. त्यांना दुसरं काय दिसणार? जोशीकाकांनी कागद हातात घेतला, बघितला, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. पण त्यांनी तो घडी करून टीव्हीवर ठेवला. आई तर रडायलाच लागली. पोहे तसेच राहिले आणि तिने शिरा टाकला. रवा म्हणजे इथे सकाळच्या लापशीसाठी डब्यात मिळतो तो, पण तूप घरचं कढवलेलं. वेलदोड्याचा वास सगळ्या घरात गेला. पहिली वाटी मला. "खा माय," आई म्हणाली. मी खाल्ला. सामन्याचा सगळा तिसरा भाग मी तो शिरा खात होते. एक घास, एक घास. काकू पाठीवरून हात फिरवताहेत, बाबा दर पाच मिनिटांनी "वेळेला केलं पोट्टीनं, वेळेला!" आणि मी गिळते आहे. आजही मला कुणी शिरा वाढला की मी आधी विचारते, कशाबद्दल?

चौथ्या भागात मास्तरचं सगळं बिघडलं. समोरच्यांनी गाठलं, पुढे गेले. शेवटचे काही क्षण, मास्तरकडे चार संधी. पहिली, कुणीतरी त्याला पाडलं. दुसरी, बॉल जमिनीवर. बाबा खुर्चीच्या कडेला. "काय करून राहिला बे!" तिसरी, जमिनीवर. चौथीला मास्तर मागे सरकला, दोघं अंगावर आले, त्याने पडता पडता फेकला, आणि बॉल असा गेला, सरळ, दोरीवर ओवल्यासारखा, आपल्या माणसाच्या छातीवर. त्या माणसाने दोन्ही हात लावले. आणि सोडला. टीव्हीवरचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "इनकम्प्लीट."

बाबा धाडकन मागे टेकले. "नापास," म्हणाले. "वर्षभर नाचला आणि वेळेला नापास. हा चाचणीचाच होता."

"अहो साहेब, झेलणाऱ्याने..." काका सुरू झाले.

"नापास!"

"इनकम्प्लीट म्हणजे नापास नाही!" हे मी ओरडले होते. मला स्वतःलाच पहिल्यांदा कळलं नाही. हातात रिकामी वाटी होती. "आणि तो एक नाही, बाबा. आय आहे. आय म्हणजे इनकम्प्लीट. मी पेपर लिहिलाच नाही. उठून गेले. मला उलटी झाली."

टीव्हीवर कुणीतरी जिंकल्याचा आरडाओरडा चालू होता. बाबांनी उठून कागद घेतला, मागची बाजू वाचली. बोट ठेवून वाचली. मग चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. "एक नाही?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि आवाज असा की मला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

तेव्हा आई बोलली. कलथा हातात तसाच. "ते मास्तरचं काय झालं आता? तो पेपर परत देते का?"

"नाही वहिनी, सामना संपला," काका म्हणाले. "पण बेबीला देता येतो. दोन आठवडे देतात ना गं?"

"देतात," मी म्हटलं. बाईंचं वाक्य मला त्या क्षणी पूर्ण ऐकू आलं.

"मग असं सांगा ना सरळ," आई म्हणाली. "इनकम्प्लीट म्हणजे ऑक्टोबर."

 आई बाबांकडे वळली. "तुम्ही नाही का बसले ऑक्टोबरले? मार्चात इंग्रजीत गेले होते ना? आमच्या घरी स्थळ सांगून आलं तेव्हा तुमच्या काकाने सांगितलं, पोरगा मॅट्रिक पास आहे. माझ्या बापाने विचारलं, मार्च की ऑक्टोबर? काका म्हणाले, ऑक्टोबर. बाप म्हणाला, चालते. परत बसला ना, पळाला तर नाही."

जोशीकाकांच्या तोंडून "साहेब, तुम्हीसुद्धा?" असं निघून गेलं आणि काकूंनी त्यांना असं काही चिमटलं की ते "आई गं" म्हणाले. बाबा मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कोट घातला, टोपी घातली आणि बाहेर जाऊन बर्फ काढायला लागले. खिडकीतून मला दिसत होतं. आमचा रस्ता झाला, मग शेजारच्या गोऱ्या बाईचा झाला, मग तिच्या पलीकडच्याचा. फावड्याचा आवाज, खर्र, खर्र. आईने राहिलेले पोहे केले, काका-काकूंना वाढले आणि म्हणाली, "खाऊन घ्या. ते गल्ली साफ केल्याशिवाय येत नाही आता."

पेपरच्या दिवशी बाबांनी सुट्टी काढली आणि मला गाडीने घेऊन गेले. शाळेसमोर गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं, थंडी होती. मला वाटलं, आता येणार वेळेचं व्याख्यान. मी आधीच चिडून तयार होते. ते पुढे काचेकडे बघत म्हणाले, "मार्चात मी पण एक ओळ लिहिली नव्हती. पहिला प्रश्न निबंधाचा. पूर्ण तीन तास त्याच्याकडे पाहत बसलो. वस्तीतला मी पहिला बसलो होतो मॅट्रिकला. निकालाच्या दिवशी नंबर छापलेलं वर्तमानपत्र आणायला अख्खी वस्ती गेली. माझा नंबर नव्हता. कोणी काही बोललं नाही मला. बोलले असते तर बरं होतं." मग म्हणाले, "यांच्यात चार संधी असतात म्हणे. आपल्याला दोनच होत्या, बेबे. मार्च आणि ऑक्टोबर. म्हणून भीती वाटते मला. रागावतो ते तेच असते."  मला ते ऐकून इतका राग आला ना, सांगते! दोन वर्षं चाचणीची राणी म्हणून माझं हसं केलं, आणि हे पोटात ठेवून बसले होते? हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आमच्या पिढीच्या बापांना सगळं गाडीतच सांगायचं असायचं, तेही दार उघडायच्या आधी अर्धं मिनिट.

"ऑक्टोबरला काय केलं?" मी विचारलं.

"पहिला प्रश्न सोडला," ते म्हणाले. "दुसऱ्यापासून सुरू केलं. पहिल्याकडे पाह्यचंच नाही. जा. आणि पाणी पिऊन जा."

मी पहिला प्रश्न सोडला. भट्टी सुरू झाली होती, नाही असं नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लिहून झाल्यावर तिचा आवाज जरा तळघरात गेला. बाहेर आले तेव्हा बाबा गाडीशेजारी उभे होते आणि शिपायाच्या गाडीचं दार उघडून, बंद करून बघत होते. शिपाई शेजारी उभा राहून कौतुकाने ऐकत होता. काही दिवसांनी निकाल आला. बी. बाबांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "बी कसा गे?" सुधारतात कुठे माणसं?

मास्तरला मात्र ऑक्टोबर मिळाला नाही. पुढच्या वर्षी गुडघा गेला, नंतर दुसऱ्या गावी गेला, परत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. मी बाबांशी त्यावरून पुष्कळ वर्षं भांडले. म्हटलं, त्याने फेकलेला तो शेवटचा बॉल तुम्ही स्वतः पाहिलात. म्हणायचे, "पाहिला. सुंदर होता." "मग?" "त्याला चार संधी होत्या." स्वतःला सोडलं, मला सोडलं, त्या माणसाला सोडलं नाही. आणि आता मेत्ता तेच म्हणते. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते ऐकायला या घरात कुणाला कधी वेळ नसतो, की फेकणाऱ्याने नीट फेकला का ते बघा. झेलणं दुसऱ्याच्या हातात असतं. पण सांगायचं कुणाला?

परवा भांडण मिटेना तेव्हा मी मेत्ताला हाताला धरून तळघरात नेलं आणि कपाट उघडलं. कागद पिवळा झालाय, कडा तुटल्यात, पण बाबांचं अक्षर तसंच. तिला देवनागरी वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. लंबू, पास. झिपऱ्या, काठावर पास. मास्तर, नापास. ती खो खो हसली. "धिस इज सो सॅव्हेज, आजी!" मग तिचं बोट खाली गेलं. तक्त्याच्या शेवटी दोन ओळी आहेत, त्या मी स्वतः बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा वाचल्या. "मी. पास (ऑक्टो.)". आणि तिच्या खाली, "बेबी. पास (ऑक्टो.)". कंसातलं ऑक्टोबर काही सोडलं नाही माणसाने. दोघांचंही नाही.

"बेबी कोण? वॉज शी एनी गुड?" मेत्ताने विचारलं.

"वर्षभर फार चांगली खेळायची."

"आणि प्लेऑफ्समध्ये?"

विचारलंच. विचारल्याशिवाय राहते होय ती! "दुसऱ्यांदा बसली," मी म्हटलं, आणि कपाटाचं दार लावून घेतलं. ती बिजागरीही बाबांनीच बसवलेली. इतक्या वर्षांत एकदाही कुरकुरली नाही, एवढं मात्र मला मान्य करावं लागतं.